आठ घरांचं एकच स्वयंपाकघर

आमच्या सासूबाई टेलिफोन उचलत नाहीत. ऐकू येत नाही म्हणून नव्हे. ऐकू त्यांना मी मनातल्या मनात बोललेलंही येतं. त्यांचं म्हणणं असं, की टेलिफोन वाजतो तेव्हा नेमके त्यांचे हात पिठात असतात. (हे खरं आहे. बावीस वर्षांत मी त्यांचे हात पिठाबाहेर पाहिले ते फक्त चर्चमध्ये, आणि तिथेही नखांत थोडं होतंच.)

त्यामुळे व्हायचं असं, की माझी बायको ब्रेदा शाळेतून फोन करणार, तो स्वयंपाकघरात वाजत राहणार, मग ती मला कचेरीत फोन करणार, "आईला सांग, दूध बाहेर राहिलंय." मी श्कोफ्या लोका शहरातल्या भूमी अभिलेख कार्यालयात कारकून. तिथून आमचं गाव अकरा किलोमीटर डोंगरात. मी तिथून आईला काय सांगणार, आणि कसं? मी पण घरीच फोन करायचा. तो पण वाजत राहायचा. दूध नासायचं ते नासायचंच, आणि संध्याकाळी दोष माझ्याकडे यायचा, कारण निरोप शेवटी माझ्याकडे पोचलेला असायचा.

एका सोमवारी मी ठरवलं, की ह्यावर कायमचा इलाज करायचा. स्वयंपाकघरात एक डबी बसवायची. ब्रेदानं मोबाइलवर निरोप लिहायचा आणि डबीनं तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. हात पिठात असू देत नाहीतर कणगीत.

असल्या निर्णयाला खरं तर कुणी हरकत घ्यायला हवी होती. कुणी घेतली नाही.

तर, पत्त्यांच्या कॅटाएवढ्या एका बोर्डावर हल्ली अख्खा संगणक मावतो. फक्त तो जन्मतः कोरा असतो. कसं जागं व्हायचं, आवाज कुठून काढायचा, वायफायचा पासवर्ड काय, आपलं स्वतःचं नाव काय, ह्यातलं त्याला काही ठाऊक नसतं. हे सगळं बिऱ्हाड नखाएवढ्या कार्डात बांधून त्याच्या तोंडात खुपसावं लागतं. ह्या बांधलेल्या बिऱ्हाडाला इमेज म्हणतात. इमेज म्हणजे फोटो नव्हे, हे मी सासूबाईंना तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, "मग त्यात कोण कोण आहे?"

"लिनक्स आहे, आई."

"आपल्यातलाच का?"

चांगल्या बोर्डांच्या इमेज तयार मिळतात. मी मागवलेल्या बोर्डाची मिळत नव्हती, म्हणून तर तो स्वस्त होता. शिवाय विकणारा दहाच्या खाली द्यायला तयार नव्हता. दहा बोर्ड आले. दोन माझ्या हातच्या डागकामानं पहिल्याच दिवशी दगावले. उरले आठ. हा आठाचा आकडा लक्षात ठेवा. तेव्हा मी ठेवला नाही.

तयार इमेज नाही म्हटल्यावर ती घरी बनवणं आलं. म्हणजे लिनक्सचा कच्चा माल उतरवून घ्यायचा, त्यातलं आपल्या बोर्डाला काय काय लागेल ते निवडायचं आणि लॅपटॉपला सांगायचं, की आता हे शिजव. माझा लॅपटॉप म्हातारा. एका इमेजला त्याला पाच तास लागायचे आणि त्या पाच तासांत तो असा तापायचा, की वर मांजर झोपायचं. मी तो स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवायचो, कारण घुरघुर ऐकून ब्रेदानं त्याला झोपण्याच्या खोलीतून हाकललं होतं.

पहिली इमेज झाली. बोर्डावर लाल दिवा लागला, हिरवा लुकलुकला, सगळं जागं झालं, पण तोंडातून आवाज नाही. आवाजाचा भाग मी निवडायचा विसरलो होतो. मात्र लॅपटॉपशेजारी ठेवलेलं पीठ फार सुंदर फुगलं.

दुसऱ्या इमेजमध्ये आवाज आला, तर वायफाय गेलं. पीठ पुन्हा सुंदर फुगलं.

तिसऱ्या इमेजला दिवाही लागला नाही. त्या दिवशीच्या पावाला पाहुण्यांनी नावाजलं. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंनीच जिन्याखालून हाक मारली, "येर्नेय, आज इमेज लावणार आहेस ना? मला अक्रोडाची पोटीत्सा करायची आहे." (पोटीत्सा म्हणजे आत सारण घालून गुंडाळलेला गोड पाव.)

पाचवी इमेज मात्र लागली. मी डबी फडताळावर ठेवली, मोबाइलवर लिहिलं, "नमस्कार आई", आणि श्वास रोखून उभा राहिलो. आता, डबीला मी जो आवाज घातला होता तो फुकटात मिळालेला होता. गंभीर, सावकाश, पुरुषी. वाक्य संपलं तरी खाली न येणारा. एखाद्याच्या निधनाची बातमी देतात तसा. डबी म्हणाली, "नमस्कार आई", आणि सासूबाईंनी पिठाच्या हातानं छातीवर क्रूस काढला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही, आई. हा आपला निरोप्या."

"मग असा का बोलतोय?"

पण चार दिवसांत त्यांना सवय झाली. इतकी, की त्या उत्तरं द्यायला लागल्या. डबी म्हणायची, "आई दाबाची गोळी घेतलीस का." त्या म्हणायच्या, "घेतली." डबी गप्प. "घेतली म्हणतेय ना," त्या पुन्हा म्हणायच्या. मग माझ्याकडे वळून, "बोलायला शिकवलंस, रीत नाही शिकवलीस."

दूध नासायचं थांबलं. ब्रेदानं माझं कौतुक केलं. (तारीख मी लिहून ठेवली आहे.) आणि इथे थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

गावात कौतुक आधी पोस्टमनला कळतं. आमचे लुद्विक निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण चाळीस वर्षं घरोघर फिरलेल्या पायांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही. ते रोज आमच्याकडे कॉफीला येतात. त्यांनी डबीचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "मला एक लावून दे. मी मधमाश्यांकडे असतो, बायको घरात. ओरडून ओरडून माझा घसा जातो आणि माश्या चिडतात."

मग चर्चच्या गायनात ब्रेदाशेजारी उभ्या राहणाऱ्या रोझालियाबाई आल्या. मग अग्निशमन दलाचे प्रमुख. मग आमचे फादर, स्वयंपाकीणबाईंसाठी. गुरुवारपर्यंत सात घरं झाली. माझ्याकडे सात बोर्ड पडून होते. मी असा फुगलो होतो, की लॅपटॉपशेजारी ठेवलेलं पीठ माझ्यापुढे काहीच नाही.

नियमानं पाहता प्रत्येक घराला वेगळी इमेज हवी. पण सात इमेज म्हणजे पस्तीस तास, आणि सासूबाईंना काही इतके पाव करायचे नव्हते. म्हणून मी माझ्याच चालत्या डबीचं कार्ड काढलं आणि जसंच्या तसं सात कार्डांवर छापलं. प्रत्येक घरी जाऊन वायफायचा पासवर्ड बदलायचा आणि डबीचं नाव बदलायचं, की झालं.

नाव महत्त्वाचं का, ते दोन ओळींत सांगतो. कुणीही मोबाइलवर निरोप लिहिला, की तो आधी आमच्या माळ्यावर ठेवलेल्या माझ्या एका संगणकाकडे जातो. निरोप ज्या नावाचा असेल, त्या नावाच्या डबीला तो देतो. आमच्या डबीचं नाव मी 'स्वयंपाकघर' ठेवलं होतं, कारण ती स्वयंपाकघरात होती.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी निघालो. पहिलं घर लुद्विकचं. "कुठे बसवायची?" मी विचारलं. "स्वयंपाकघरात." मी पासवर्ड बदलला, मग नाव बघितलं. 'स्वयंपाकघर'. बरोबर होतं. मी पुढे गेलो. जाण्याआधी अर्थात लुद्विकनं घरची आलुबुखाऱ्याची दारू अंगठ्याएवढ्या पेल्यात दिली. नाही म्हटलं तर वाईट वाटतं. दुसरं घर रोझालियाबाईंचं. "कुठे बसवायची?" "स्वयंपाकघरात." नाव बघितलं. बरोबर. पेला. तिसऱ्या घरीही बरोबर. चौथ्या घरी मला माझ्या दूरदृष्टीचं नवल वाटलं, की अगदी प्रत्येक घराला लागू पडेल असं नाव मी आधीच कसं घालून ठेवलं. सातव्या घरी, म्हणजे फादरांकडे, मी नाव बघितलं की नाही ते आठवत नाही, पण बघितलं असतं तरी ते बरोबरच निघालं असतं.

त्याच संध्याकाळी ब्रेदा गायनाच्या सरावाला गेली होती. मी आणि सासूबाई टेबलापाशी. डबी म्हणाली, "पाय गरम पाण्यात ठेवून बस मी तासाभरात येते."

सासूबाई हलल्या. "पोरीला किती काळजी," असं म्हणत त्यांनी पाणी तापवलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि पाय घालून बसल्या. मलाही बरं वाटलं. आपल्या हातून झालेल्या वस्तूनं माणसं जवळ येतात, वगैरे.

थोड्या वेळानं डबी म्हणाली, "कुत्र्याला आत घे."

आमच्याकडे कुत्रा नाही.

एखादा जाणता माणूस इथे सावध झाला असता. मी दाराबाहेर जाऊन कुत्रा आहे का बघून आलो. नव्हता. तसं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोंबड्या म्हणायचं असेल तिला. तुझा तो निरोप्या चष्मा लावत नाही." ते मला पटलं. मी कोंबड्या आत घेतल्या.

ब्रेदा आली तेव्हा तिची आई गार पाण्यात पाय घालून बसली होती आणि कोंबड्या बोळातून फिरत होत्या. तिनं माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता रोझालियाबाईंनी दिलेली पोटीत्सा फडताळात ठेवली. लग्नाला बावीस वर्षं झाली, की माणूस फार विचारत नाही.

आता अळंबीबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात माणूस बँकेचा आकडा सांगेल, डॉक्टरनं काय सांगितलं ते सांगेल, पण अळंबी कुठे सापडते ते सांगणार नाही. त्यातही युर्चेक. जाड देठाची, वर पावासारखी तपकिरी टोपी. तिची जागा घराण्याची असते. ती आईकडून मुलीकडे जाते. जावयाकडे जात नाही. ब्रेदा दर सप्टेंबरात पहाटे एकटी निघते, टोपली भरून येते, आणि मी "कुठे गेली होतीस?" विचारलं तर म्हणते, "रानात." आमच्या कचेरीत त्या सबंध रानाचे नकाशे आहेत. गट नंबर मला तोंडपाठ आहेत. पण माझी बायको त्यातल्या कुठल्या गटात असते, हे मला बावीस वर्षांत कळलेलं नव्हतं.

त्या शनिवारीही ती उजाडताना गेली. मी उशिरा उठलो, कॉफी केली, फडताळात पोटीत्सा दिसली, दोन तुकडे खाल्ले. तिसरा हातात होता तेव्हा डबी बोलली. "आई रोझालियाची पोटीत्सा येर्नेयला देऊ नको फार कोरडी आहे कोंबड्यांना घाल."

सासूबाईंनी माझ्या हातातल्या तुकड्याकडे बघितलं. "कशी आहे?"

"कोरडी आहे," मी म्हणालो.

अर्ध्या तासानं डबी पुन्हा बोलली. ह्या खेपेला बराच वेळ. "आई यंदा खूप आहेत माझे दोन किलो झाले अजून तेवढेच दिसतायत." (कायद्यानं माणशी दिवसाला दोनच किलो. वनरक्षक टोपली वजन करून बघतो.) "येर्नेयला टोपली देऊन पाठव त्याला जागा माहीत नाही म्हणून सांगते." इथे सासूबाई दचकल्या. "संत उर्हच्या चॅपलमागून वर ये जळक्या देवदारापाशी डावीकडे उतर." सासूबाईंनी ओव्हनचा हातमोजा उचलून डबीवर दाबला. मोज्याखालून तो गंभीर आवाज सावकाश सांगत राहिला, "ओढा ओलांड जुळ्या झाडाच्या वरच्या अंगाला शेवाळात बस मी तिथेच आहे."

डबी थांबल्यावर त्यांनी मोजा काढला. मग सासूबाई म्हणाल्या, "ऐकलंस?"

"ऐकलं."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी टोपली दिली. हातात देताना क्षणभर सोडली नाही. "बाहेर कुठे बोलू नकोस."

"आई, मी कुणाला सांगणार?"

माझा ऊर भरून आला होता, हे कबूल करतो. बावीस वर्षांनी मला घरात घेतलं असं वाटलं. गाडी चॅपलपाशी लावली, मागून चढलो, जळक्या देवदारापाशी डावीकडे उतरलो. ओढा आला नाही. एक कुंपण आलं. मी वर गेलो. दुसरा जळका देवदार दिसला. तिथून डावीकडे उतरलो. दलदल आली, त्यात एक बूट राहायचा होता तो कसाबसा निघाला. गट क्रमांक चारशे बारा आणि चारशे तेराच्या मध्ये मी कुठेतरी आहे एवढं मला माहीत होतं. पण झाडांवर गट क्रमांक लिहिलेले नसतात. असा तासभर फिरलो, आणि मग खालून माणसांचे आवाज ऐकू आले. वाट विचारावी म्हणून तिकडे गेलो.

ओढा होता. जुळं झाड होतं. आणि झाडाच्या वरच्या अंगाला आमचा निम्मा गाव शेवाळात वाकला होता.

मधोमध एका दगडावर ब्रेदा बसली होती. टोपली मांडीवर घट्ट धरून, उबवायला बसलेल्या कोंबडीसारखी. तिच्या एका बाजूला लुद्विक, दुसऱ्या बाजूला रोझालियाबाई, वर अग्निशमन दलाचे प्रमुख आणि त्यांची बायको, आणि झाडामागे काळे कपडे होते ते फादर.

"सुप्रभात," लुद्विक मला म्हणाले. "फिरायला आलो होतो."

"टोपली घेऊन?" ब्रेदानं विचारलं.

"रिकाम्या हातानं फिरायची सवय नाही मला. चाळीस वर्षं झोळी होती."

"आणि फादर, तुम्ही?"

"मी चॅपल बघायला आलो होतो," फादर झाडामागून म्हणाले. "कौलं."

"चॅपल वर आहे."

"हो. इथून कौलं चांगली दिसतात."

ब्रेदा रोझालियाबाईंकडे वळली. त्या तिची वाटच बघत होत्या. "मी अळंबीसाठी आलेच नव्हते," त्या म्हणाल्या. "मी एवढंच विचारायला आले, की कोंबड्यांना माझी पोटीत्सा आवडली का." त्यांच्या टोपलीत दोन किलो सहज होती.

ब्रेदाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डबीनं."

"कुठल्या डबीनं?"

"माझ्या स्वयंपाकघरातल्या."

"माझ्याही," प्रमुख म्हणाले. "आणि काल बायकोला मी सांगितलं कुत्र्याला आत घे, तर ती म्हणते तुमची डबी मला सांगते तासाभरात येते. वर विचारते, ही कोण येतेय तासाभरात? रात्री जेवण नाही मिळालं मला."

"ते मी आमच्या ह्यांना लिहिलं होतं," रोझालियाबाई म्हणाल्या. "ह्यांच्या पायांना सूज आहे. ह्यांनी पाय नाही घातले ते नाहीच घातले."

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरी टोपली हातात धरून उभा होतो आणि माझ्या एका बुटातून पाणी गळत होतं.

"येर्नेय," ब्रेदा अगदी हळू म्हणाली. ती हळू बोलली की मला भीती वाटते. "त्या डब्यांची नावं काय ठेवलीस?"

"'स्वयंपाकघर'."

"आपल्या?"

"सगळ्यांच्या."

"आठही डब्यांचं नाव एकच?"

"सगळ्या स्वयंपाकघरातच बसवल्या ना," मी म्हणालो. तिथल्या तिथे मलाही ते पुरेसं वाटलं नाही.

कुणी हसलं नाही, हे मला अजून लागतं. फादर तेवढं म्हणाले, "ब्रेदा, जागा माझ्याकडे गुप्तच राहील. कबुलीजबाबासारखी." मग वाकून त्यांनी आणखी एक अळंबी कापली.

उतरताना ती माझ्यापुढे चालत होती. चॅपलपाशी आल्यावर थांबली. "आजीनं मला पहिल्यांदा नेलं ना तिथे, तेव्हा मी सात वर्षांची होते. माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला होता. ओढा आला तेव्हा मला उचलून घेतलं. तीन वर्षं बांधलेल्या डोळ्यांनी गेले मी. चौथ्या वर्षी सोडले." मग गाडीत जाऊन बसली. आतापर्यंत मला सगळं जरा गमतीचं वाटत होतं. तिथून पुढे वाटेना.

घरी पोचल्यावर मी खुर्चीत टेकलोसुद्धा नाही. लॅपटॉप उचलला आणि सातही घरी जाऊन प्रत्येक डबीला तिचं स्वतःचं नाव द्यायला निघालो. हे काम दहा मिनिटांचं होतं. पण दुपारची वेळ. लुद्विकच्या घरात शिरलो तर तव्यावर लोण्यात अळंबी. "बस, जेवल्याशिवाय जायचं नाही. तुझ्यामुळेच तर." नाही म्हणण्याचा अधिकार मला उरला नव्हता. पुढच्या घरी अळंबीचं सूप. त्याच्या पुढच्या घरी अंड्यात. रोझालियाबाईंनी मला सूप वाढलं आणि शेजारी पोटीत्साचा जाड तुकडा ठेवून समोर हाताची घडी घालून बसल्या. मी तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. फादरांच्या स्वयंपाकीणबाईंनी तर मलई घालून केली होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत चांगली तीच झाली होती. सात घरी मी माझ्या बायकोच्या आजीची अळंबी खाल्ली आणि सातही जणांचे आभार मानले.

परत आलो तर आमच्याही टेबलावर अळंबीच होती. ब्रेदानं ताट पुढे सरकवलं. मी ताटाकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "किती घरी?"

"सात."

तिनं ताट परत आपल्याकडे ओढलं. रडेल असं वाटलं. रडली नाही, पण काटा खाली ठेवला. "गेली जागा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पहाटे चारपासून रांग लागेल तिथे. माझ्यानंतर कुणाला काय दाखवू मी? चॅपलची कौलं?"

सासूबाई एवढा वेळ शांतपणे जेवत होत्या. सकाळपासून त्या इतक्या शांत होत्या, की मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली होती. त्यांनी पावाच्या तुकड्यानं बशी पुसली, तो खाल्ला आणि म्हणाल्या, "ती दुसरी जागा होती."

"कुठली दुसरी?"

"तू जातेस ती. पहिली वेगळी आहे. पहिलीत ह्याच्या दुप्पट येतात."

ब्रेदा बघतच राहिली. "आई, आजीनं मला खोटी जागा दाखवली?"

"खोटी कशी? तीस वर्षं टोपली भरून आणतेस. खोटी नाही, दुसरी. आजीनं सांगून ठेवलं होतं, पोरगी मार्गी लागली, नवरा कसा मिळाला ते बघितलं, की मग पहिली दाखव. मी दाखवणारच होते." त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेत राग नव्हता. हवामान बघतात तसं बघितलं. "मग तू ह्याला घरी आणलंस. म्हटलं, थांबू जरा. माणूस वाईट नाही, पण त्याच्यात काही राहत नाही."

"बावीस वर्षं थांबलीस?"

"आणि बरंच झालं की."

ह्यावर ब्रेदा हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग टेबलावर डोकं ठेवून हसली. मलाही हसू आलं. म्हटलं, चला, निभावलं. मी खुर्ची पुढे ओढली, कोपरं टेबलावर टेकली आणि म्हणालो, "मग कुठे आहे ती पहिली?"

सासूबाई उठल्या. फडताळापाशी गेल्या. डबीची वायर भिंतीतून उपटली, ती डबीभोवती नीट गुंडाळली, आणि डबी आणून माझ्या हातात दिली.

"हिला घेऊन बाहेर बस," त्या म्हणाल्या.

"आई, वायर काढलीये. आता ती काही बोलू शकत नाही."

"ती नाही रे."

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो, डबी मांडीवर. आतून दोघींच्या कुजबुजीचा आवाज येत होता, शब्द एकही कळत नव्हता. थोड्या वेळानं लुद्विक आले. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, शेजारी टेकले.

"आत काय चाललंय?"

"खरी जागा सांगतायत," मी म्हणालो. (माझ्यात काही राहत नाही.)

लुद्विकचे डोळे बारीक झाले. ते सरकून जवळ आले. "कुठली?"

"मला नाही सांगितली."

चाळीस वर्षांत ह्या माणसानं सरकारी पाकिटावरच्या शिक्क्यावरसुद्धा दोनदा खात्री केल्याशिवाय विश्वास ठेवलेला नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं, "हो, ते बरोबर आहे," म्हणाले, आणि उठून घरी गेले.